वाळवीने सोडलेला रोमन

हेडमास्तरांनी माझी मुलाखत घेतली ती अशी. मी दारात उभी राहिले. त्यांनी वर पाहिले, हातातला खडू माझ्या दिशेने रोखला आणि म्हणाले, "तुम्हाला या शाळेत नोकरी…"

पुढे काही बोलेनात. खडू रोखून तसेच उभे. मला वाटले, गृहस्थांना चक्कर येते आहे. शेवटी मीच म्हणाले, "हवी आहे."

"छान. उद्यापासून या."

ट्रेनिंग कॉलेजचे सर्टिफिकेट मी जपून आणले होते. ते त्यांनी पाहिलेही नाही. बाहेर पायरीवर तुळसाबाई सुपारी कातरत बसली होती. घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या आणि संध्याकाळी त्यांना परत पोचवायचे, हे तिचे काम. माणूस सांगोल्याकडच्या धनगरवाड्यातले, बोलणे रोखठोक. ती म्हणाली, "घेतलं न्हवं? मागल्या बाईनं पुढचं बोलाया लई येळ लावला. तिला न्हाय घेतलं."

तीस सालानंतरची ही गोष्ट. सोलापुरात साखर पेठेच्या जवळ, भाड्याच्या दोन खोल्यांत आमची मुलींची शाळा भरे. हेडमास्तर, मी आणि तुळसाबाई, एवढाच स्टाफ. निम्म्याहून जास्त मुली तेलगू विणकरांच्या. हेडमास्तर उंच, काटकुळे, काळा कोट, काळी टोपी. बोलताना मिशीवरून हात फिरवायची सवय, त्यामुळे मिशी डावीकडे पांढरी आणि उजवीकडे तांबूस. वयाचा त्यात संबंध नव्हता. दोन्ही हातांत दोन रंगांचे खडू असत.

खडू कशाला, तर रोमनसाठी.

फार वर्षांपूर्वी एका गिरणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. हेडमास्तरांनी त्यात एक कंदील घेतला. काच हलू नये म्हणून खोक्यात खाली एक पुस्तक घातलेले होते. कंदील आठवडाभरात फुटला, पुस्तक राहिले. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये होऊन गेलेल्या एका वकिलाची वचने त्यात होती. हा वकील मोठा वक्ता, शिवाय तत्त्वज्ञ. एका पानावर एक वचन, ठसठशीत टाइपात. हेडमास्तरांनी पुस्तक शाळेतल्या फळीवर उभे ठेवले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. फळीच्या मागच्या भिंतीत वाळवी होती. ते परत आले तोवर वाळवी खालून वर चढत प्रत्येक पानाच्या मध्यापर्यंत पोचली होती आणि, का कोण जाणे, तिथेच थांबली होती. वरचा अर्धा शाबूत, खालचा अर्धा गायब. रोमन पानोपानी बोलायला सुरुवात करी आणि मधेच गप्प होई.

दुसऱ्या कुणी ते रद्दीत घातले असते. हेडमास्तर म्हणाले, "वकीलसाहेबांनी आपल्यासाठी जागा सोडली आहे."

बाकीच्या शाळांत रोज फळ्यावर सुविचार लिहितात, तसा आमच्याकडेही असे, पण अर्धा. सकाळी हेडमास्तर पांढऱ्या खडूने रोमनचा भाग मराठीत लिहीत. भाषांतर त्यांचेच, तेव्हा त्या अर्ध्यातही रोमन किती होता हे देव जाणे. मग ते वाक्य मोठ्याने वाचत आणि खडू एखाद्या मुलीवर रोखत. तिने पुढचे ताबडतोब सांगायचे. पसंत पडले तर ते खाली तांबड्या खडूने लिहिले जाई. पांढरे वकीलसाहेबांचे, तांबडे आपले. यात त्यांनी कधी लबाडी केली नाही. तांबड्याचे श्रेय रोमनला दिले नाही आणि पांढऱ्याचे स्वतः घेतले नाही.

'ज्या घरात पुस्तके आहेत, त्या घरात…' याच्या खाली 'वाळवी आहे.' हे त्यांचे स्वतःचे, सर्वांत पहिले.

'म्हातारपण हे ओझे नाही, जर…' याच्या खाली 'सून बोलकी असेल.'

'खरा मित्र संकटाच्या वेळी…' याच्यापाशी दोन मुली अडखळल्या, तेव्हा दारातून तुळसाबाई म्हणाली, "गावाला गेलेला असतोय." तेही तांबड्या खडूने लिहिले गेले. जाता जाता ती मला म्हणाली, "ह्यो रोमवाला अर्धंच बोलतोय बगा. माजा नवरा बी तसाच हुता. पर त्याचं पुढलं मला कळायचं."

विचार करून दिलेले उत्तर त्यांना चालत नसे. "विचार करायला लागलीस की ते पुस्तकातलं व्हायला लागतं," ते म्हणत. आणि एकदा लिहिले की तो त्या दिवसापुरता कायदा. 'शहाण्या माणसाने सर्वांत आधी…' याच्या खाली 'नळाला पाणी आले की रांजण भरावा' असे आले, त्या दिवशी नळाला पाणी आले तेव्हा भूगोलाचा तास चालू होता. हेडमास्तरांनी नकाशा गुंडाळला आणि सगळा वर्ग पाणी भरायला गेला. 'ज्याला पुष्कळ बोलायचे आहे, त्याने…' यावर नरसम्मा नावाच्या मुलीने झटकन सांगितले, "तेलगूत बोलावं." नरसम्मा विणकराची, वर्गात सर्वांत तिखट. हेडमास्तरांना तेलगूचे चारच शब्द येत: या, बसा, पाणी, पुरे. त्या दिवशी इतिहासातली एक मोठी लढाई या चार शब्दांत आटोपली. मुलींना ती अजून पाठ असेल.

घरीही हाच प्रकार. एकदा मी त्यांच्याकडे हजेरीपत्रक द्यायला गेले होते. ते ओट्यावरून आत ओरडले, "अहो, आज जेवायला…"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "काल केलं तेच."

"आणि संध्याकाळी मला जरा…"

"नाही."

हेडमास्तर माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "बघा, चाळीस वर्षांत हिचं एकही वाक्य चुकलं नाही."

मी हे सगळे गमतीने सांगते आहे, पण तेव्हा मला गंमत वाटत नव्हती. मला नोकरीची गरज होती. नवरा गेल्यावर मी दोन वर्षे करमाळ्याला दिराच्या घरी काढली होती. दीर माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी माझ्यासाठी चूल आणि चुलीमागचा कोपरा, दोन्ही राखून ठेवलेले होते, इतकेच. तिथून शिकायला बाहेर पडताना मी काय काय ऐकले ते लिहिण्यात कागद घालवत नाही.

आमच्या शाळेला सरकारी ग्रँट होती आणि तिच्यातून माझा पगार निघे. आदल्या वर्षी शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले, तेव्हा मुली थोड्या आणि शिकवण्याची पद्धत विचित्र, असा शेरा मारून गेले होते. पुन्हा तसे दिसले तर ग्रँट बंद होणार, हे उघड होते. ग्रँट बंद म्हणजे शिकवणारी बाई बंद. ती बाई मीच.

मुली थोड्या, याचे कारण कांड्या. मागावर विणायला लागतात त्या सुताच्या कांड्या विणकरांच्या घरी मुलीच भरतात. मागणी वाढली की मुली घरी. मी आल्या वर्षी तुळसाबाई रोज हात हलवत परत येई. "नरसीची आय म्हनती, कांड्या काय दिपोटी येऊन भरनार हाय का?"

त्या दिवशी फळ्यावर रोमनचे वाक्य होते, 'ज्याला खरोखर ऐकायचे आहे, त्याने…' हेडमास्तरांनी खडू स्वतःच्याच छातीवर रोखला आणि तांबड्याने लिहिले, 'हातांना काम द्यावे. हात रिकामे असले की कान बंद होतात.' मग तुळसाबाईला म्हणाले, "जा. पोरींना सांग, रहाट घेऊन या."

दुसऱ्या दिवसापासून मुली कांड्या भरायचे रहाट काखोटीला मारून शाळेत येऊ लागल्या. एका हाताने चाक फिरते आहे, दुसऱ्याच्या बोटांतून सूत सरकते आहे आणि तोंडाने पाढे. रहाटांच्या घरघरीवर पाढे चांगले बसत. मुली दुपटीने वाढल्या. शिकल्याही. पण वर्गात कारखाना चालवणे हे कुठल्या नियमात बसते, ते मला ठाऊक नव्हते, आणि हेडमास्तरांना तर नियम रोमपर्यंतचेच ठाऊक होते.

डेप्युटीसाहेबांची तारीख आली, त्याच आठवड्यात दीर सोलापूरच्या बाजाराला आला होता. माझ्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने आत नजर फिरवली.

"वहिनी, सामान फार नाही. दोन गाठोडी होतील."

"कशाची गाठोडी, भावोजी?"

"नाही, म्हणजे ऐकलं तसं. गाडी रिकामीच परत जायची आहे. तपासणी झाली की कळवा."

मी त्याला चहा दिला आणि त्याच दुपारी शाळा झाडायला घेतली. रहाट लपवायला जागा नव्हती. दोन खोल्या, त्यांत मुली. उरला परसातला संडास. त्याला दार नव्हते, तरटाचा पडदा होता. मुली एकीला पहाऱ्याला उभी करून जात. मी आणि तुळसाबाईने सगळे रहाट त्या पडद्यामागे रचले.

मग हेडमास्तरांना सांगितले, "उद्या रोमन नको."

"उद्या फळा…"

"कोरा."

त्यांनी मान हलवली. शब्दाला पक्के होते. तांबडा खडू त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिला. पांढरा मात्र ठेवला. "हातात काहीतरी पाहिजे," म्हणाले. मला त्यात धोका दिसला नाही.

डेप्युटीसाहेब आले. आदल्या वर्षीचे बदलून गेले होते, हे नवे. गोरेपान, जाडजूड, पायात करकरणारे बूट. सभांतून भाषणे करणारे म्हणून त्यांचे नाव होते. वाक्याच्या मध्यावर थांबायचे, श्रोत्यांवरून सावकाश नजर फिरवायची आणि मग वाक्य पुरे करायचे, ही त्यांची लकब. लोक त्या थांबण्यावर खूष असत. मी ही गोष्ट ऐकून होते, पण दोन अधिक दोन मला वेळेवर करता आले नाहीत.

फळा कोरा पाहून त्यांना बरे वाटले. मुली भरपूर पाहूनही बरे वाटले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मुलींनो, विद्या म्हणजे…"

ते थांबले. हेडमास्तरांचा खडू आपोआप उठला आणि पहिल्या रांगेवर रोखला गेला.

"शेंगाचटणी," मुलगी उभी राहून म्हणाली. "घरात असली की कालवण नसलं तरी भागतं."

डेप्युटीसाहेबांनी तिच्याकडे पाहिले. खाली बसवले. घसा साफ केला.

"मी स्वतः लहानपणी फार…"

"आगाव होतो," दुसरीने सांगितले.

मी हेडमास्तरांच्या कोटाची बाही ओढली. त्यांना कळलेही नाही. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू इतक्या वर्षांनी कुणीतरी पुस्तकाबाहेरचा रोमन वर्गात आणून उभा केला होता.

"आदर्श स्त्री तीच," डेप्युटीसाहेब आवाज चढवून म्हणाले, "जिच्या…"

"घरात नळ आहे," नरसम्मा म्हणाली.

"काय चाललंय हे?" हे वाक्य मात्र त्यांनी सबंध उच्चारले.

हेडमास्तरांनी फळीवरून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिले आणि वाळवीपासून सगळे सांगितले. डेप्युटीसाहेबांनी पाने चाळली. एकदम त्यांचा सूर बदलला. "हा मी कॉलेजात वाचलेला आहे. हे पुस्तक माझ्याकडे आहे. अख्खं."

हेडमास्तर पाऊलभर मागे सरकले.

"हे बघा, हे म्हातारपणाचं वचन. तुम्ही खाली काय लिहिलंत?"

"सून बोलकी असेल."

"छे. हे पुढे असं आहे…"

हेडमास्तरांनी दोन्ही कानांत बोटे घातली. खडूसकट. "साहेब, नको. ते मुलींचं काम आहे."

"अहो, पण खरं काय ते…"

"नको म्हणतो ना."

सरकारी अंमलदारासमोर कानांत बोटे घालून उभा असलेला हेडमास्तर मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी मनात दोन गाठोडी बांधायला घेतली. वरच्या गाठोड्यात पितळी डबा बसेल की नाही, एवढाच विचार डोक्यात होता.

डेप्युटीसाहेबांनी रुमालाने मान पुसली आणि तुळसाबाईला विचारले, "इथे परसाकडे कुठे…"

"तरटामागं हाय," तुळसाबाई म्हणाली. मग तिला आठवले. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. साहेबांचे बूट करकरत परसाकडे गेले होते.

आधी काही नाही. मग लाकडे कोसळावीत तसा आवाज.  मुली ओठ चावून बसल्या होत्या. नरसम्मा हळूच म्हणाली, "माझं चाक मोडलं असेल."

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या बुटाला लाल सूत गुंडाळलेले होते आणि त्याचे दुसरे टोक परसातून त्यांच्यामागे येत होते. ज्या कामाला गेले होते ते झालेले दिसत नव्हते. ते खुर्चीजवळ उभे राहिले. एकेक शब्द दाताखाली धरून म्हणाले,

"या शाळेची ग्रँट मी…"

आणि थांबले. रागातसुद्धा लकब सुटली नाही.

हेडमास्तरांचा खडू उठला. पहिल्या रांगेवरून गेला, नरसम्मावरून गेला आणि माझ्यावर येऊन थांबला. विचार करायला लागले की ते पुस्तकातले व्हायला लागते. मी म्हणाले, "चालू ठेवतो, आणि संडासाला दार बसवून देतो."

रहाटाचे एखादे चाक परसात अजून गरगरत असावे. तेवढाच आवाज येत होता.

"हे कुणाचं?" डेप्युटीसाहेबांनी विचारले. "तुमच्या रोमनचं?"

"नाही साहेब. तांबड्या खडूतलं. माझं." तो खडू माझ्या मुठीतच होता.

"आणि ग्रँट बंद केली तर?"

"तर मी करमाळ्याला जाईन आणि या मुली घरी बसून कांड्या भरतील. रहाट तिथंही फिरतील. पाढे तेवढे फिरणार नाहीत. हवं तर एकीला पाढा विचारून बघा."

त्यांनी नरसम्माला सतराचा पाढा विचारला. तिने तो म्हटला. म्हणताना तिचा उजवा हात मांडीवर रिकामाच गोल फिरत होता. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग खाली वाकले आणि बुटाचे सूत सोडवू लागले. सुटेना, तेव्हा तुळसाबाईने पुढे होऊन सोडवले. "अवो सायेब, वढू नगा. तुटंल की. नरसीच्या बापाला जाब द्यावा लागतोय."

साहेब ताठ उभे राहिले. हेडमास्तरांना म्हणाले, "तुमच्या या बाईंना…"

थांबले. सवयीने सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणी काही बोलेना. दिवसाचे वचन पुरे झाले होते, हेडमास्तरांनी खडू खिशात टाकला होता. डेप्युटीसाहेब वाट पाहत राहिले. पहिल्या रांगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. शेवटी त्यांचे त्यांनाच पुरे करावे लागले.

"…कायम करा," ते म्हणाले.

ग्रँट राहिली. वाढली नाही. दार मात्र महिन्याभरात आले, आतून कडीसकट. मी दिराला कळवले की गाडी रिकामी जाऊ द्या.

दाराच्या पाठोपाठ एक पार्सल आले. आत पुस्तक. तेच, रोमनचे, अख्खे, एकाही पानाला भोक नसलेले. सोबत चिठ्ठी वगैरे काही नव्हते. हेडमास्तरांनी ते हातात घेऊन वजन पाहिले. उघडले नाही. उठले, जुने पुस्तक फळीवरून काढले आणि त्याच जागी, भिंतीला टेकवून, नवे उभे ठेवले.

"अहो, वाळवी लागेल," मी म्हणाले.

"लागू दे. घाई काय आहे?"

ते असेपर्यंत जुन्याच पुस्तकावर भागले. पाने संपली की पुन्हा पहिल्यापासून. मुली बदलत, त्यामुळे खालचे अर्धे नवे येई. त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तेव्हा ते डॉक्टरांना म्हणत होते, "मला आता किती…" डॉक्टर सभ्य होते, काही बोलले नाहीत. आतून पत्नी म्हणाल्या, "पुरे झालं." त्यांनी मान हलवली. हेही चुकले नव्हते.

आज त्या शाळेची हेडमास्तरीण मी आहे. खोल्या सहा झाल्या, संडासांना दारे आहेत. नरसम्माची मुलगी माझ्याकडे तिसरीत आहे. फळी मी हलवलेली नाही. शिपाई दरवर्षी विचारतो, "बाई, भिंतीला औषध मारू का?" मी नको म्हणते. त्याला वाटते, मी पैसे वाचवते.

गेल्या आठवड्यात ते नवे पुस्तक काढून झटकले. खाली बराच भुसा पडला. पहिले पान पाहिले, मधले पाहिले, शेवटचे पाहिले. वीस वर्षे लागली, पण काम मध्यापर्यंत, सरळ रेषेत झाले आहे.

शाळेला आणखी एक शिक्षिका हवी आहे. उद्या सकाळी एक बाई भेटायला यायच्या आहेत. सर्टिफिकेट घेऊन येतीलच. मी पांढरा खडू काढून ठेवला आहे.